महापौराला मत कोण देतं?

पुण्यात पन्नास वर्षं राहिलेल्या, एकही मतदान न चुकवलेल्या एखाद्या आजोबांना गाठा आणि विचारा, "आजोबा, तुम्ही आजवर किती महापौर निवडून दिलेत?" आजोबा अस्सल पुणेकर असतील तर आधी तुमच्या प्रश्नातली चूक काढतील. आणि ते बरोबरच असेल! कारण आजोबांनी एकही महापौर निवडून दिलेला नाही. त्यांनी नगरसेवक निवडले. महापौर निवडला तो त्या नगरसेवकांनी.

हे सगळ्यांना माहीत असतं असं मला वाटायचं. पण १५ जानेवारी २०२६ ला पुण्यासह राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं, त्याच्या आधीचा महिनाभर आमच्या मेसमध्ये जी काही वादावादी चालली ती ऐकून लक्षात आलं की थर्मोडायनॅमिक्सचे नियम पाठ असलेल्या आपल्या पोरांना महापालिकेचे नियम मात्र ऑप्शनला टाकायचेत. "यावेळी महापौर म्हणून अमक्यालाच मत देणार," असं एक जण ठासून सांगत होता. त्याला म्हटलं, बाबा रे, तुझ्या मशीनवर महापौराचं बटणच नसणार आहे! म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या कॉलेजच्या भाषेत सांगतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याखाली जी.एस. कसा ठरायचा, हे सिनियर्सना आणि स्टाफला आठवत असेल. वर्गात पहिला आलेला सी.आर. व्हायचा आणि हे सगळे सी.आर. मिळून जी.एस. निवडायचे. म्हणजे शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आपल्यासारख्यांचा जी.एस.शी थेट संबंध शून्य. महापौराचं बरंचसं असंच आहे. फरक एवढाच की इथे 'सी.आर.' मार्कांवर ठरत नाहीत, ते आपण निवडतो.

आता आकडे. पुणे महापालिका स्थापन झाली १५ फेब्रुवारी १९५० ला. शहर वाढत गेलं तशी नगरसेवकांची संख्याही वाढली. २००७ मध्ये १४४ होती, २०१२ मध्ये १५२, २०१७ मध्ये १६२ आणि २०२६ मध्ये १६५. २००७ ला एका वॉर्डातून एक नगरसेवक होता. २०१२ ला दोघांचा प्रभाग झाला, ७६ प्रभाग गुणिले दोन. २०१७ ला चौघांचा. २०२६ ला ४० प्रभाग चारचे आणि एक प्रभाग पाचचा, म्हणजे १६० अधिक ५. त्यामुळे पुण्यातल्या बहुतेक मतदारांना यावेळी अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची होती. चार मतं द्यायची, पण महापौरासाठी एकही नाही. गंमत आहे की नाही?

नगरसेवक निवडून आले की त्यांच्या पहिल्या सभेत महापौर निवडतात. मतदान गुप्त नसतं, सगळ्यांसमोर उघड असतं. सभा चालवायला पीठासीन अधिकारी असतो. महापौराची मुदत अडीच वर्षं, म्हणजे पाच वर्षांच्या सभागृहात ही निवडणूक दोनदा होते. शिवाय महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याची सोडत मंत्रालयात निघते. २०२६ ला तर ही सोडत निकाल लागल्यावर निघाली! तेव्हा मतदानाच्या दिवशी महापौरपदाचे उमेदवार कोण हे मतदारांना सोडा, पक्षांनाही नक्की सांगता येत नव्हतं. आमच्या मेसमध्ये ज्याच्या नावावरून दोन आठवडे भांडणं झाली तो गृहस्थ सोडतीनंतर शर्यतीतच उरला नाही.

एका पक्षाला घसघशीत बहुमत मिळालं की या पद्धतीतलं काहीच जाणवत नाही. पुण्यात २०१७ ला तसंच झालं. भाजपने निम्म्याहून बऱ्याच जास्त जागा जिंकल्या आणि मुक्ता टिळक महापौर झाल्या, पुण्यातल्या भाजपच्या त्या पहिल्या महापौर. २०२६ लाही भाजपला स्पष्ट बहुमत मिळालं. अशा वेळी सभागृहातली निवडणूक म्हणजे व्हायवा झाल्यावरची एक्स्टर्नलची सही. खरी मजा येते ती चुरस असली की. आणि आपल्या हॉस्टेलवर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातली पोरं असल्यामुळे या चुरशीचे दाखले गोळा करायला मला कुठे जावंही लागलं नाही. प्रत्येक जण आपल्या गावची जखम घेऊनच बसलेला!

पहिला दाखला पुण्याचाच. २००७ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नव्हतं. सगळ्यात मोठा पक्ष राष्ट्रवादी, त्याखालोखाल काँग्रेस. राज्यात हे दोघे एकत्र सरकार चालवत होते. सरळ हिशेबाने इथेही दोघांनी एकत्र यायला हवं होतं. पण झालं उलटंच. सुरेश कलमाडींच्या काँग्रेसला बाहेर ठेवण्यासाठी राष्ट्रवादीने शिवसेना आणि भाजपची सोबत घेतली आणि राष्ट्रवादीच्या राजलक्ष्मी भोसले महापौर झाल्या. यालाच पुढे 'पुणे पॅटर्न' असं नाव पडलं. आता विचार करा, ज्याने भाजपला मत दिलं ते राष्ट्रवादीचा महापौर व्हावा म्हणून दिलं होतं का? पाच वर्षांनी, २०१२ ला, १५२ पैकी राष्ट्रवादीला ५१ आणि काँग्रेसला २८ जागा मिळाल्या. बहुमताला ७७ हवे होते, दोघांचे मिळून ७९ झाले आणि मग दोघांचं जमलं. पक्ष तेच, शहर तेच, गणित नवीन.

दुसरा दाखला नगरकराचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे ६८ जागांपैकी शिवसेनेला २४, राष्ट्रवादीला १८ आणि भाजपला १४ मिळाल्या. महापौर कोणाचा? भाजपचा! तिसऱ्या नंबरच्या पक्षाचा, तोही राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्यावर. आमचा नगरकर हे सांगताना अजूनही ताटावर चमचा आपटतो.

तिसरा सांगलीचा. फेब्रुवारी २०२१, कोविडमुळे सभा ऑनलाइन. ७८ जणांच्या सभागृहात बहुमत भाजपचं, पण निकाल लागला तेव्हा राष्ट्रवादीच्या उमेदवाराला ३९ मतं आणि भाजपच्या उमेदवाराला ३६. पुढच्याच महिन्यात जळगाव. ७५ पैकी ५७ नगरसेवक भाजपचे, आणि महापौर झाल्या शिवसेनेच्या, ४५ विरुद्ध ३० मतांनी. जळगावकराचं म्हणणं, "आमच्याकडे भरीत बनवायला वांगी लागत नाहीत, नगरसेवक पुरतात."

म्हणूनच चुरस असली की निकाल आणि महापौरनिवड यांच्या मधल्या दिवसांत नगरसेवक अचानक 'सहलीला' जातात. याला आळा घालायला कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. पक्षाचा व्हिप मोडला तर नगरसेवकपद जाऊ शकतं. पण अपात्रतेची सुनावणी चालत राहते आणि महापौर तोवर खुर्चीत बसलेला असतो. फायनलचा पेपर देऊन झाल्यावर हॉलतिकीट तपासण्यातला प्रकार.

आणि मुंबई? २०१७ ला २२७ जागांत शिवसेना ८४, भाजप ८२. बहुमताला ११४ लागतात, म्हणजे दोघेही बरेच लांब. शेवटी भाजपने महापौरपदाला उमेदवारच दिला नाही आणि सेनेचे विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले. त्याच निवडणुकीत २२० नंबरच्या वॉर्डात दोन उमेदवारांना फेरमोजणीनंतर बरोब्बर ५,९४६ अशी सारखी मतं पडली आणि चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरवावा लागला. जो पठ्ठ्या म्हणतो ना, "माझ्या एका मताने काय फरक पडतो," त्याच्या रूमच्या दारावर हा आकडा लिहून ठेवावा अशी माझी रेक्टर सरांना नम्र विनंती आहे.

सभागृह जितकं लहान तितकं एकेक मत जड. चंडीगडमध्ये जानेवारी २०२४ ला एकूण मतं होती ३६. पीठासीन अधिकाऱ्याने त्यातली ८ बाद ठरवली आणि १६ विरुद्ध १२ असा निकाल जाहीर केला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने ती आठही मतं वैध धरली, निकाल उलटून २० विरुद्ध १६ झाला आणि हरलेला उमेदवार महापौर झाला. दिल्लीत त्याच्या वर्षभर आधी भांडण होतं ते नेमलेल्या सदस्यांना मत द्यायचा अधिकार आहे का यावर. कोर्टाने सांगितलं, नाही. राज्यघटनेतच तसं लिहिलंय. आपल्याकडच्या स्वीकृत नगरसेवकांनाही म्हणूनच महापौरासाठी मत नसतं.

हे सगळं ऐकल्यावर मेसमधला एक गट एकदम थेट निवडणुकीच्या बाजूला गेला. "सरपंच थेट, नगराध्यक्ष थेट, मग महापौर का नाही?" प्रश्न रास्त आहे. नगरपालिकांच्या नगराध्यक्षाची थेट निवड महाराष्ट्राने २०१६ ला आणली, २०२० ला काढली आणि २०२२ ला परत आणली. आपल्या सिलॅबसपेक्षा जास्त वेळा हा नियम रिव्हाइज झालाय. उत्तर प्रदेशात महापौर थेट लोकांमधून येतो. लंडनमध्येही २००० सालापासून थेट निवडणूक आहे.

दुसऱ्या गटाचं म्हणणंही खोटं नव्हतं. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की दोघेही एकमेकांची कामं अडवतात. दोघांनाही लोकांनीच निवडलेलं, मग माघार कोण घेणार?

पण या वादात एक गोष्ट दोन्ही गटांच्या हातून सुटली असं मला वाटतं. महापौर निवडायचा कसा याच्या आधी प्रश्न आहे, महापौर करतो काय? सर्वसाधारण सभेचं अध्यक्षस्थान त्याचं. शहराचा पहिला नागरिक तो. पण प्रशासन चालवतो आयुक्त, आणि तो नेमतं राज्य सरकार. पैशाची बहुतेक कामं जातात १६ जणांच्या स्थायी समितीतून. म्हणून तर स्थायीच्या अध्यक्षपदासाठी कधीकधी महापौरपदाहून जास्त ओढाताण होते! लंडनच्या महापौराच्या हातात शहराची वाहतूक असते, आपल्या महापौराच्या हातात सभेची घंटा. अशा महापौराला आपण थेट निवडून दिलं, तर दहा लाख मतं मिळवलेला माणूसही उद्या आयुक्तांना पत्रच लिहीत बसेल. तेव्हा माझं मत सांगतो: आधी अधिकार द्या, मग थेट निवडा. नुसती निवडणूक बदलून उपयोग नाही.

मग नगरसेवक आणि महापौर नसले तरी चालेल की, असं कुणाला वाटेल. हा प्रयोगही पुण्यात होऊन गेलाय. मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली. घटनेनुसार त्याआधी निवडणूक व्हायला हवी होती. ती ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकचेऱ्यांत अडकली. जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक होते. आयुक्तांनी मांडलेल्या प्रस्तावाला सभागृह म्हणून मंजुरी देणारे पुन्हा तेच. आपलाच पेपर आपणच तपासायचा! शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. म्हणजे पुण्यात इंजिनिअरिंगची एक अख्खी बॅच फर्स्ट इयरला आली आणि फायनल इयरला पोचली, पण तोवर तिने शहरात एक नगरसेवक पाहिला नाही. गल्लीतल्या बंद दिव्याबद्दल जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. महापौर नामधारी असेल, पण सभागृहात उभं राहून "हे टेंडर का?" असं विचारणारा कुणीतरी तिथे असावाच लागतो.

आता शेवटचा आणि आपल्या कामाचा मुद्दा. "आपण काय, चार वर्षांचे पाहुणे," हे वाक्य मी प्रत्येक मजल्यावर ऐकलंय. पण पाणी आपण इथलं पितो, पीएमपीएमएलला इथे लटकतो, खड्ड्यांत इथल्या पडतो. हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावाकडे किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एका ठिकाणी नाव नोंदवता येतं. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा कोर्स हवा, फॉर्म ६ भरायचा आणि कॉलेजच्या प्रमुखांच्या सहीचं बोनाफाईड जोडायचं. गावाकडे नाव असेल तर ते तिथून हलतं, दोन्हीकडे ठेवता येत नाही. म्हणून घरी पंचायतीत मत द्यायचं की इथे पालिकेत, हे ज्याचं त्याने ठरवावं. मात्र उशिरा जागं होऊन चालत नाही. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते आणि तिला एक ठरलेली तारीख असते. यावेळी ती १ जुलै २०२५ होती. डिसेंबरात मेसमध्ये तावातावाने भांडणाऱ्या आमच्यापैकी निम्म्यांची नावं त्या तारखेला कुठल्याच यादीत नव्हती.

फॉर्म ऑनलाइन भरता येतो, त्याला पैसे लागत नाहीत. अठरा पूर्ण होण्याच्या तारखाही आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. स्टुडंट सेक्शनची खिडकी उघडी असते त्या वेळात जाऊन एक बोनाफाईड जास्तीचं मागून घ्या. पासपोर्टला लागतं, एज्युकेशन लोनला लागतं, तसं यालाही लागतं.