मेंदूतला ताल

परवा फराळासाठी सौ.ने वाण्याकडून सात जिन्नस आणायला सांगितले. मी पाच घेऊन परतलो. "वेलदोडे? आणि चारोळी?" मी गप्प! सर्वांबरोबर मीही हसलो. पण रात्री झोप येईना. माझ्या वडिलांचे विस्मरण अशाच चुकांनी सुरू झाले होते. अखेर उठलो आणि मेंदूविषयी वाचू लागलो.

जर्मनीतील येना शहरी हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या मेंदूतले विजेचे तरंग प्रथम टिपले. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला सुमारे दहा तरंग उमटतात. पुढे आणखी लयी सापडल्या. सेकंदाला चार ते आठ आंदोलनांची संथ लय ती 'थीटा'. तिसाहून अधिकांची द्रुत ती 'गॅमा'.

खरी गंमत या दोहोंच्या मेळात आहे. विलंबित लयीत तबलजी एकाच मात्रेच्या पोटी अनेक बोल बसवतो ना? तशी थीटाच्या एका आंदोलनात गॅमाची अनेक आंदोलने बसतात. १९९५ साली लिसमन आणि इडियार्ट या शास्त्रज्ञांनी असे सुचवले की, मनात धरलेली एकेक गोष्ट गॅमाच्या एकेका आंदोलनावर बसते आणि थीटा त्यांचा क्रम राखते. एका थीटात अशा सातेक जागा मावतात. माणूस एका वेळी सातच्या आसपास गोष्टी ध्यानात ठेवतो, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ सालीच लिहिले होते! अर्थात ही अद्याप उपपत्तीच आहे. तथापि थीटाच्या लयीबरोबर गॅमाचा जोर कमीजास्त होतो, हे २००६ साली अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवर ठेवलेल्या तारांतून प्रत्यक्ष दिसले.

उतारवयात ही सांगड सैल पडते. २०१९ साली बॉस्टन विद्यापीठात साठी ओलांडलेल्या माणसांच्या मेंदूला बाहेरून पंचवीस मिनिटे सौम्य वीज देऊन ती जुळवली. स्मरणाच्या चाचणीत ही मंडळी विशीतल्या तरुणांच्या बरोबरीला आली, आणि निदान पन्नास मिनिटे तो गुण टिकला! मात्र हा प्रयोगशाळेतला प्रयोग. घरी करून पाहण्याचा उपाय नव्हे.

मला धीर आला तो एवढ्यासाठी की, विसरणे म्हणजे दर वेळी गमावणे नव्हे. कधी नुसता ताल चुकतो. वडिलांचा आजार याहून निराळा आणि खोल होता. माझे काय, हे पुस्तक सांगणार नाही. म्हणून भाऊबीज झाली की डॉक्टरांकडे जाणार आहे. तोवर वाण्याकडे जाताना यादी खिशात!