लिंक कोणाच्या पत्त्यावर?
२५ ऑगस्ट २०२५ रोजी गूगलने ‘फायरबेस डायनॅमिक लिंक्स’ ही सेवा बंद केली. तिच्यामुळे पत्रकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ॲपमधले नेमके पान उघडायचे. आता तिथे ‘४०४’, म्हणजे पान सापडले नाही, असे येते, आणि छापून वाटलेला कोड काही परत गोळा करता येत नाही. म्हणूनच तिच्याजागी ब्रँच ही सेवा घ्यावी की ॲप्सफ्लायर, हा प्रश्न दुसरा. पत्ता कोणाच्या डोमेनवर आहे, हा पहिला. आपल्या डोमेनवर आयफोनसाठी एक आणि अँड्रॉइडसाठी एक अशा दोन छोट्या फाइली ठेवल्या आणि ॲपमध्ये त्या डोमेनची नोंद केली, की फोन स्वतःच लिंक ॲपकडे सोपवतो. उद्या सेवा बदलली तरी छापलेला पत्ता चालूच राहतो.

पण ॲप फोनवर नसेलच तर? हा आक्षेप खरा आहे. स्टोअरमधून ॲप घेतल्यावर पुन्हा तेच पान उघडणे निव्वळ फाइलींनी साधत नाही, आणि तेवढ्या कामासाठी सेवा जरूर घ्यावी. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरचा ‘इन्स्टॉल रेफरर’ कोणते पान उघडायचे होते ती खूण ॲपपर्यंत पोचवतो. आयफोनवर तशी सोय नाही. तिथे क्लिपबोर्ड वाचावा लागतो किंवा फोनच्या खुणा जुळवाव्या लागतात, आणि अशा खुणांवरून फोन ओळखायला ॲपलची मनाई आहे.