फोनवरचा केशरी स्टिकरवर मातकट का होतो?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे डिझाइन स्वतः करतात आणि व्हिनाइल प्रिंट बाहेरून करून घेतात. दुकानाची काच असो, स्कूटरचा स्टिकर असो, नाहीतर बरणीवरचं लेबल.

माझ्या ओळखीच्या एका ताईंचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. त्यांनी 500 स्टिकर बाहेरगावी छापायला दिले. फोनवर झळाळणारा केशरी रंग स्टिकरवर एकदम मातकट आला. जुन्या बरण्या एका रंगाच्या, नव्या दुसऱ्याच. गिऱ्हाईक विचारायला लागलं, "माल बदलला का?" छापणारा म्हणाला, "फाइलमध्ये होतं तेच छापलंय." आणि खरं सांगू? त्याचंही चुकीचं नव्हतं. पैसे मात्र ताईंचे गेले.

असं का होतं? फोनची स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग बनवते. हे झालं आरजीबी. प्रिंटर सायन, मेजंटा, यलो, ब्लॅक या शाया वापरतो, म्हणजे सीएमवायके. झगझगीत केशरी, निऑन हिरवा, भडक निळा हे रंग या चार शायांत बसतच नाहीत. मग प्रिंटरचं सॉफ्टवेअर, ज्याला रिप म्हणतात, ते जवळचा रंग निवडतं. तुम्हाला न विचारता!

म्हणून ती निवड आपणच आधी करायची. कशी, ते बघा.

पहिलं, फाइल बनवण्याआधी प्रिंटिंगवाल्याला विचारा: "आरजीबी देऊ की सीएमवायके? प्रोफाइल कोणतं?" काही जण आरजीबीच मागतात, कारण त्यांचं रिप रूपांतर चांगलं करतं. अंदाजानं बदलू नका. आणि प्रोफाइल फाइलमध्ये एम्बेड करा, नाहीतर समोरचं सॉफ्टवेअर स्वतःच्या मनानं रंग वाचतं.

दुसरं, रंग आकड्यांत सांगा. ब्रँडचा रंग असेल तर पँटोन नंबर लिहून द्या. पण पँटोनची प्रत्येक छटा चार शायांत येत नाही, हेही लक्षात ठेवा. निळा जांभळट व्हायला नको असेल तर मेजंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवा. मोठा काळा भाग नुसत्या ब्लॅक शाईनं राखाडी दिसू शकतो. त्यासाठी रिच ब्लॅकचे आकडे प्रिंटिंगवाल्याकडूनच घ्या. चारही शाया 100 टक्के टाकल्या तर शाई नीट वाळत नाही.

तिसरं, फाइल पीडीएफमध्ये द्या, फॉन्ट कर्व्ह करून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर फाइल दाबली जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: सँपल. पूर्ण ऑर्डरआधी हातभर पट्टी छापून मागवा. त्याच व्हिनाइलवर, त्याच मशीनवर आणि त्याच लॅमिनेशनसकट. कारण ग्लॉसी लॅमिनेशननं रंग गडद वाटतो, मॅटनं थोडा दबतो. पट्टी दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली नको. जुना स्टिकर असेल तर शेजारी धरा. पसंत पडली की तिच्यावर सही आणि तारीख टाका. एक तुकडा तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. ऑर्डरच्या मेसेजमध्ये लिहा: "या तुकड्याशी जुळलं नाही तर पुन्हा छापून द्यायचं."

"फोनवर दिसतंय तसंच हवं" असं म्हणून काही उपयोग नाही. माझ्या फोनचा ब्राइटनेस वेगळा, तुमचा वेगळा, प्रिंटिंगवाल्या दादांचा तिसराच. भांडण मिटवतो तो हातातला सही केलेला तुकडा. सँपलला थोडे पैसे जातात, एक-दोन दिवसही जातात. पण 500 स्टिकर कचऱ्यात टाकण्यापेक्षा ते परवडतं.

तुमच्या ओळखीत कुणाची ऑर्डर या आठवड्यात जाणार असेल, तर त्यांना हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!