पाण्यावरची परकी पाहुणी

कारंजा (लाड) या गावाचे नाव करंज ऋषींवरून पडले, असे सांगतात. ऋषींना असाध्य रोग झाला होता. त्यांनी अंबादेवीची प्रार्थना केली. देवीने त्यांच्यासाठी तलाव निर्माण केला आणि त्यात स्नान करताच ते बरे झाले, अशी आख्यायिका आहे. तोच हा ऋषी तलाव. उर्दूत तुम्ही ज्याला तालाब म्हणता, तोच मराठीतला तलाव.

अशा तलावाच्या काठाने जाताना एक रोप दिसते का, ते पाहत जा. पाने गोल व चकचकीत, देठ फुग्यासारखे फुगलेले, फुले फिकट जांभळी आणि वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. ही जलपर्णी. घरी तुम्ही तिला जलकुंभी म्हणत असाल. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. फुले सुंदर म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला बंगालमध्ये आणले. शोभेसाठी आलेल्या या पाहुणीने घरच बळकावले! तिला आवरण्यासाठी बंगालमध्ये १९३६ साली कायदा करावा लागला.

जलपर्णी पसरली की पाण्यात ऊन पोहोचत नाही. प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, डास वाढतात. पुण्याजवळची पवना नदी, कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरचा अंबाझरी तलाव या सर्वांना तिने त्रास दिला आहे.

आता एक हिशेब करा. ऊन आणि सांडपाणी भरपूर मिळाले, तर सुमारे दोन आठवड्यांत ही रोपे दुप्पट होतात. आज १० रोपे असतील, तर दोन आठवड्यांनी २०, चार आठवड्यांनी ४०. याच गतीने २० आठवड्यांनी किती? १०,२४०! पहिली दहा रोपे दोन माणसे टोपलीत भरून नेतील. पुढे मात्र यंत्रे आणि लाखो रुपये लागतात. शिवाय तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. म्हणून ती पहिली दहा रोपे ज्याला दिसतील, त्याने लगेच कळवणे महत्त्वाचे.

पण कळवण्यापूर्वी नीट ओळखा. कमळाचे मूळ चिखलात रुतलेले असते. जलपर्णीची काळसर, पिसासारखी मुळे पाण्यात लोंबतात. शिंगाड्याच्या पानाची कड दातेरी असते. विदर्भात शिंगाड्यावर कित्येक कुटुंबांचे पोट चालते. चुकून त्याचीच तक्रार झाली तर?

गावात नगर परिषदेला, खेड्यात ग्रामपंचायतीला पत्र लिहा. सोबत मोठ्यांची सही घ्या. पत्र असे असावे : “तलावाच्या पूर्वेकडील पायऱ्यांजवळ आज सकाळी जलपर्णीची सुमारे १५ रोपे दिसली. फुले आलेली नाहीत. जवळच नालीचे पाणी तलावात येते.” जागा, तारीख, अंदाजे संख्या आणि जमल्यास छायाचित्र, एवढे पुरे. “तलाव घाण झाला आहे” एवढेच लिहिले, तर कर्मचाऱ्याने नेमके कुठे जावे?

स्वतः पाण्यात उतरू नका. उपटलेले रोप दुसऱ्या पाण्यात टाकू नका. वाशीम जिल्ह्यातील अडाण नदीत पडलेले एक रोप पैनगंगेत जाईल, तिथून वर्धा नदीत आणि प्राणहितेतून थेट गोदावरीत.