यमद्वितीयेचे ताट

यमधर्म आपले कठोर काम एक दिवस बाजूला ठेवून यमुनेच्या, आपल्या बहिणीच्या घरी जेवावयास गेला, अशी कार्तिक शुद्ध द्वितीयेची कथा आहे. त्या दिवशी भावाने बहिणीच्या हातचे अन्न घ्यावे, हा रिवाज त्यातूनच आला. शिरूर अनंतपाळच्या एस.टी.लाही भाऊबीजेची गर्दी असते ती त्यापायीच.

परंतु ज्याला एकट्याने एस.टी.त बसता येत नाही, त्या भावाने काय करावे? बौद्धिक अक्षमता घेऊन जन्मलेल्या अशा भावाकडे बहीणच येते. चाळिशीचा हा भाऊ समजुतीने बालक, असे म्हणण्याची आपली पद्धत आहे. पण यंदा करंजी कोणी वाढली, हे तो अचूक ओळखतो. गाव त्यास 'येडं' म्हणते, ताई नावाने हाक मारते. निरांजनाची ज्योत धरण्यास त्याचा हात पुढे येतो, म्हणून ती तबक किंचित दूर धरून ओवाळते. ओवाळणीचे नाणे आईने मुठीत दिलेले असते. ते तबकात टाकावे की ठेवून घ्यावे, हा निर्णय मात्र सर्वस्वी त्याचा!

मग स्वयंपाकघरात आई हळूच विचारते, "आमच्यामागं याचं कसं?" ताई म्हणते, "मी हाय की." हे उत्तर खरे असते, तथापि पुरेसे नसते. तिला सासर आहे, त्याच्या नावे जमिनीचा तुकडा आहे, आणि तुकड्यावर भावकीची नजर आहे.

याच काळजीतून 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज आईवडील वा नातलग जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करू शकतात. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती समितीत असतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावयाची, पुढे वर्षाला हिशेब. हेळसांड वा अपहार केल्यास त्यास दूरही करता येते. सख्ख्या बहिणीकडे हिशेब मागावा, हे प्रथम आम्हांसही खटकले होते. परंतु उद्या भावकीने बोट दाखविले, तर हाच कागद तिच्या बाजूने बोलेल.

आईवडील हिंडतेफिरते असतानाच हे व्हावे. तबक खाली ठेवल्यावर ताईने विषय काढावा, जावयासही जवळ बसवावे. आणि तू कोणाजवळ राहशील, हे भावालाही विचारावे. करंजी ओळखणाऱ्यास तेही ठाऊक असते.