ट्रायथलॉन : पहिले वर्ष आणि पुढचे अंतर

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार याच क्रमाने, सलग पूर्ण करण्याच्या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. एका प्रकारातून दुसऱ्याकडे वळताना कपडे-बूट बदलण्यास लागणारा वेळही एकूण वेळेत धरला जातो. या नावाची शर्यत १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे झाली. १९७८ मध्ये हवाई बेटांवर १५ जणांनी सुरू केलेली व १२ जणांनी पूर्ण केलेली शर्यत ही पहिली ‘आयर्नमॅन’. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. गतवर्षी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, मी या खेळात पदार्पण केले. तेव्हापासून समव्यावसायिक मित्र आणि रुग्ण जे प्रश्न विचारतात, त्यांचा परामर्श या लेखात घेत आहे.

अंतरांचे गणित

स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल व ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिंपिक प्रकारात हे सारे दुप्पट होते. अर्ध-आयर्नमॅनमध्ये अनुक्रमे १.९, ९० व २१.१, तर पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८, १८० व ४२.२ किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर ऑलिंपिक प्रकारातील सायकल म्हणजे बुऱ्हाणपूरहून असीरगडाच्या पायथ्याशी जाऊन परत येणे. पूर्ण आयर्नमॅनमधील सायकल म्हणजे थेट इंदूर गाठणे, आणि तेथे उतरल्यावर मॅरेथॉन धावणे. पूर्ण शर्यतीस सर्वसाधारणपणे १७ तासांची, अर्ध्या शर्यतीस साडेआठ तासांची मर्यादा असते.

पहिले वर्ष

आमच्या पिढीतील अनेकजण पाठीला डबा बांधून तापीच्या घाटावर पोहायला शिकले. ते पोहणे जीव वाचवण्यापुरते पुरेसे होते. शर्यतीसाठी श्वास पाण्यात सोडण्यापासून नव्याने शिकावे लागले. पोहण्यात शक्तीपेक्षा शरीराची पाण्यातील आडवी स्थिती अधिक महत्त्वाची. पाय खाली गेले की पाण्याचा अवरोध वाढतो आणि दमछाक होते. पहिले चार महिने मी तरणतलावात केवळ हेच साधले.

बाह्यरुग्ण विभाग आणि रात्रीअपरात्रीचे बोलावणे सांभाळून आठवड्यास सहा-सात तास मिळत. त्यांतील बहुतांश सराव सोबत्याशी बोलता येईल अशा संथ गतीने केला. अशा गतीनेच हृदयाची व स्नायूंची सहनशक्ती वाढते. रोज धाप लागेपर्यंत पळणाऱ्याच्या पदरी बहुधा दुखापतच येते. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरताच धावण्याचा सराव केला. यास खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात. पहिली दहा मिनिटे पाय परक्याचे वाटतात, नंतर ताल सापडतो. हिवाळ्यात स्प्रिंट शर्यत १ तास ४२ मिनिटांत, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी ऑलिंपिक अंतर साडेतीन तासांत पूर्ण झाले. माझ्या वयोगटात मी शेवटून तिसरा होतो.

वैद्यकीय बाजू

माझे वडील चौपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यामुळे पुढील अंतराचा विषय निघाला तेव्हा माझ्या पत्नीने, जी स्वतः भूलतज्ज्ञ आहे, आधी तपासण्या करण्याची अट घातली. ती अट सर्वांनीच घालून घ्यावी अशी आहे. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉन शर्यतींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकस्मिक मृत्यू, हृदयक्रिया बंद पडणे व अपघाती मृत्यू अशा १३५ घटना नोंदल्या आहेत. मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याचे प्रमाण लाखामागे १.७४ होते. बळी पडलेल्यांत ८५ टक्के पुरुष, सरासरी वय ४७, आणि ९० घटना पोहताना घडलेल्या. शवविच्छेदन झालेल्यांपैकी ४४ टक्क्यांत हृदयरोग आढळला. अनेकांना त्याची कल्पना नव्हती.

पोहतानाच हे का घडावे? थंड पाणी चेहऱ्यास लागल्याने हृदयगती मंदावणारी चेतासंस्था, आणि गर्दी व भीतीमुळे ती वाढवणारी चेतासंस्था, दोन्ही एकाच वेळी उद्दीपित होतात. त्यातून ताल बिघडू शकतो, असे मानले जाते. म्हणून सुरुवातीस कडेला राहावे, गर्दी पुढे जाऊ द्यावी. छातीत जडपणा किंवा अवास्तव धाप जाणवल्यास हात वर करून मदत मागावी. माझी ट्रेडमिल चाचणी निर्दोष आली. तरीही निर्दोष चाचणी म्हणजे अभयपत्र नव्हे, हे आपण रुग्णांना सांगतो तेच स्वतःलाही लागू आहे.

दुसरा धोका पाण्याच्या अतिरेकाचा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले. ज्यांचे वजन शर्यतीत वाढले त्यांत हा धोका अधिक होता. तहान लागेल तेवढेच प्यावे. उष्माघातात मात्र थंड पाण्यात बुडवून तापमान आधी उतरवावे, मग रुग्णालयात न्यावे. आपल्याकडील मे महिन्यात सूर्योदयापूर्वीच सराव संपवावा. आहाराबाबत आपण भाग्यवान आहोत : दीर्घ शर्यतीत ताशी ६० ग्रॅम कर्बोदके लागतात, आणि आपल्या जिल्ह्याच्या मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात.

पुढचे अंतर

दीर्घ पल्ला डॉक्टरांना अशक्य नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी ‘रॅम’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिच येथे पूर्ण आयर्नमॅन केले, तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. २०१९ पासून गोव्यात मिरामार येथे अर्ध-आयर्नमॅन होऊ लागल्याने परदेशी जाण्याचीही गरज उरली नाही.

माझा निर्णय असा : यंदा केवळ अर्धे अंतर, तेही समुद्रात पुरेसा सराव झाल्यावरच. पूर्ण आयर्नमॅनचा विचार दोन वर्षांनी, नव्या तपासण्यांनंतर. तेव्हा मी वडिलांच्या त्या वयाच्या उंबरठ्यावर असेन. या खेळाने मला त्या वयाची भीती विसरायला लावली नाही, पण तिच्याकडे पाहत रोज पहाटे उठण्याची शिस्त दिली. सभासद बंधुभगिनींनी आयर्नमॅन करावे असा माझा आग्रह नाही. रक्तदाब, साखर व लिपिड एकदा तपासावे, आणि असीरगडाच्या रस्त्यावर पहाटे सायकल घेऊन यावे, एवढीच विनंती आहे.