वर मोठी, खाली बारकी : लबाडीनं धंदा खरंच चालतो का?

पाचगणी (वार्ताहर) : पसरणी घाट चढून वर आलं की स्ट्रॉबेरीचे स्टॉल सुरू होतात, ते पार महाबळेश्वरपर्यंत. नोव्हेंबर ते एप्रिल हा आपला हंगाम. या सहा महिन्यांत गावात पारावर, चहाच्या गाड्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सरळ माणसाचा धंदा होत नाही." बोलणारा अनुभवानं बोलतो, त्यामुळं कुणी खोडून काढत नाही. शाळेत शिकवलेलं बरोबर उलटं असतं. मग खरं काय? आपल्याच भागातली उदाहरणं घेऊन हे तपासून बघू.

सुरुवात पनेटपासून करू, म्हणजे स्ट्रॉबेरीच्या प्लास्टिकच्या पारदर्शक डबीपासून. त्यात साधारण २०० ग्रॅम माल बसतो. वरच्या थरात मोठी, लालभडक, देठ हिरवा असलेली फळं लावायची आणि खाली बारकी, वेडीवाकडी, एखादी दबलेली. हे सगळे करतात असं मुळीच नाही, पण हे कुणाला माहीत नाही असंही नाही. हिशेबापुरते आकडे धरू. मोठ्या मालाला किलोला ३०० रुपये मिळतात आणि बारका माल कारखान्याला ५० रुपयांनी जातो, असं समजा. म्हणजे चांगली पनेट ६० रुपयांची. तिच्यात अर्धा माल बारका घातला, तर कारखान्यात ५ रुपयांना गेलेली फळं इथं ३० रुपयांना खपतात. पनेटमागं २५ रुपये वर. दिवसाला शंभर पनेट गेल्या तर अडीच हजार, महिन्याला पंचाहत्तर हजार. शेतात एक रोपही जास्त लावावं लागत नाही.

तेव्हा "लबाडीत फायदा नसतोच" असं म्हणणाऱ्यानं आधी हा हिशेब बघावा. फायदा आहे. तो टिकतो कुठं, एवढाच प्रश्न आहे.

तो टिकतो रस्त्यावर. मुंबईची गाडी थांबते, चार पनेट घेते आणि पुढं जाते. डबी उघडते ती घाट उतरल्यावर किंवा घरी गेल्यावर. चार पनेटसाठी परत कोण येणार? आणि पुढच्या वर्षी तेच कुटुंब आलं तरी दोनशे स्टॉलमधला कुठला हे त्यांच्या लक्षात कसं राहणार? गिऱ्हाईक एकदाच भेटणारं, माल आत झाकलेला आणि विकणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही, या तिन्ही गोष्टी जिथं एकत्र येतात तिथं लबाडी चांगली चालते. पर्यटनाच्या प्रत्येक ठिकाणी हे असंच असतंय. आपलं पाणी काही वेगळं नाही.

यातली एक जरी गोष्ट बदलली तरी गणित फिरतं. हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका फळवाल्याला मी थेट माल द्यायचो. फोनवर भाव ठरायचा, संध्याकाळच्या गाडीत माल टाकायचा, तिसऱ्या दिवशी पैसे जमा. फेब्रुवारीत एका आठवड्यात माल कमी आला आणि ऑर्डर तेवढीच होती. मी खाली बारका घातला. पहिल्या खेपेला तो काही बोलला नाही. दुसऱ्या खेपेला "दादा, जरा बघा" एवढंच म्हणाला. तिसऱ्या खेपेनंतर त्यानं फोन उचलला नाही. पैसे मात्र सगळे दिले, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पुढचे दोन हंगाम मी मार्केटला माल पाठवला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं, तूट वजा जाऊन हातात येणारी पट्टी बघत बसलो. त्या तीन खेपांत मिळाले असतील दोन-तीन हजार. गेले किती, हे मी घरात अजून नीट सांगितलेलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. त्याच काळात एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्यानं माझा माल "रस्त्यात खराब झाला" म्हणून अर्ध्या पट्टीवर काढला. दुसऱ्या गाववाल्याचा त्याच गाडीतला माल चांगला निघाला होता. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढं पिकत नाही, गोडी वाढत नाही, साध्या हवेत दोन दिवसांत माना टाकते. माल परत आणणार कसा आणि आणून करणार काय? त्या व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. तो आजही जोरात धंदा करतो. माझ्यासारखे शेतकरी त्याला रोज नवीन भेटतात, म्हणजे त्याच्या हिशेबी आम्हीच रस्त्यावरचं गिऱ्हाईक.

म्हणून लबाड माणूस शेवटी बुडतोच, हे मी लिहिणार नाही. पुष्कळ बुडत नाहीत. मग त्याचं बिल भरतं कोण?

याचं उत्तर जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन मांडलं. २००१ साली त्यांना ज्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यात हे मुख्य. मोटारी बाजूला ठेवून आपल्या पनेटवर बघू. चांगली पनेट ६० रुपयांची, खाली बारका घातलेली खऱ्या मोलानं ३५ ची. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. एक-दोनदा फसलेलं गिऱ्हाईक कुणालाच ६० द्यायला तयार होत नाही. ते मधला आकडा धरतं, "पन्नासला देता का?" खाली बारका घालणाऱ्याला ५० परवडतात, उलट जास्तच मिळतात. नीट प्रतवारी करणाऱ्याला दहा रुपयांची खोट बसते. तो एक हंगाम सोसतो, दुसऱ्या हंगामात तोही खाली बारका घालतो किंवा स्टॉलच बंद करतो. चांगला माल कमी झाला की गिऱ्हाईक चाळीसला मागतं. म्हणजे लबाडाचा खर्च लबाड भरत नाही, त्याच्या शेजारचा सरळ माणूस भरतो. पारावरचं ते वाक्य इथूनच येतं. सरळ माणसाचा धंदा होत नाही, कारण शेजाऱ्याची उधारी त्याच्या नावावर चढलेली असते.

आपल्याकडं ही उधारी जास्त चढते, कारण नाव सामाईक आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला आपण जीआय म्हणतो. हे नाव एका शेतकऱ्याचं नाही, या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं आहे. बाहेरचा माल या नावानं विकणं १९९९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा कागदावर आहे. पण मुंबईत फुटपाथवर "महाबळेश्वर, महाबळेश्वर" ओरडणाऱ्याच्या डबीत फळ कुठलं, हे रोज तपासणार कोण? विहीर गावाची असली की घाण कुणी केली हे सापडत नाही, पाणी मात्र सगळ्यांचं नासतं.

हापूसवाल्यांनी हेच भोगलं. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, तरी कर्नाटकातला आंबा देवगड म्हणून विकायचं काही थांबलं नाही. २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. काढायला गेलं की ते फाटतं, त्यामुळं दुसऱ्या आंब्यावर चढवता येत नाही, आणि क्रमांकावरून आंबा कुणाचा हे कळतं. स्टिकर शेतकऱ्याच्या झाडांच्या हिशेबानं दिले जातात. त्यांनी कुणाला चांगलं वागा म्हणून सांगितलं नाही. माल झाकलेला आणि नाव नसलेला, या दोन गोष्टी मोडून काढल्या. स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक फळावर स्टिकर बसत नाही, हे कबूल. पण पनेटवर बसतं.

मधाचं तर याहून अवघड. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आणि त्याच मधाच्या बाजारात काय चालतं ते बघा. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं १३ ब्रँडचे मध तपासले. जर्मनीतल्या प्रयोगशाळेच्या चाचणीत त्यातले १० नापास झाले. कंपन्यांनी आरोप नाकारला. पण भेसळीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जुनी चाचणी ऊस आणि मका यांची साखर पकडायची, कारण या दोन पिकांची अन्न तयार करायची तऱ्हा फुलझाडांपेक्षा वेगळी असते. म्हणून भेसळवाले तांदळाच्या पाकाकडं वळले, तो त्या चाचणीत सापडत नाही. पुढं चाचणीत पास होण्यासाठीच खास पाक तयार व्हायला लागले. घरी वात पेटवून किंवा पाण्यात थेंब टाकून मध ओळखणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. असा पाक स्वस्त पडतो आणि पेट्या घेऊन रानात फिरणारा मधपाळ त्या भावाला पुरा पडत नाही. चूक त्याची काहीच नाही.

सगळ्यात मोठा झटका मात्र शेजारच्या सांगलीनं खाल्ला. २०१९ मध्ये इस्लामपूरची कडकनाथ कोंबडीची योजना कोसळली. पैसे भरायचे, कंपनीकडून पिल्लं घ्यायची, वाढवायची आणि अंडी कंपनीच चढ्या भावानं परत घेणार, असं ते गणित. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बाहेरच्या जिल्ह्यांतल्याही शेतकऱ्यांचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले. सुरुवातीच्या लोकांना पैसे खरोखर मिळाले होते. त्यांनीच मग भावकीत, पाहुण्यात सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते, म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला. पण अंडी खाणारं गिऱ्हाईक त्या भावाला कुठंच नव्हतं. नवीन शेतकरी हेच गिऱ्हाईक होतं. ते यायचे थांबले आणि सगळं बसलं. तमिळनाडूत पेरुंदुराईला इमू पक्ष्यांचं २०१२ मध्ये असंच झालं होतं, तरी सात वर्षांत आपण विसरलो. "तयार माल शेवटी खाणार कोण?" एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुष्कळांची गोठ्यातली म्हैस वाचली असती. त्या गावांत आता कुणी खरीच चांगली योजना घेऊन गेला तरी त्याला कुणी चहा विचारत नाही.

बाजार समितीतही रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, ते जुन्यांना आठवत असेल. शेतकरी समोर उभा असायचा आणि आपल्याच मालाचा भाव त्याला कळायचा नाही. जुलै २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम झाला. व्यापाऱ्यांनी मोठा विरोध केला, त्यावरूनच कळतं की त्यात किती पैसा होता.

यंदा आमच्या वस्तीवरच्या चार-पाच जणांनी पनेटवर नाव, गाव आणि मोबाइल नंबर छापून घेतलाय. चिठ्ठीला काही पैसे खर्च येतो. पहिल्याच आठवड्यात ठाण्याहून एक फोन आला, खालची तीन फळं दबलेली निघाली म्हणून. खरं सांगायचं तर राग आला होता. फोन ठेवल्यावर प्रतवारीला बसलेल्या बायकांना मी सांगितलं, उद्यापासून खालचा थर आधी मला दाखवायचा.